नाव न घेता

क्रांती रामटेके कुठे काम करते, या प्रश्नाची तीन उत्तरं होती. नागपुरात माहेरी विचारलं तर ‘समाजकार्य’. न्युरेम्बर्गमधल्या आपल्या लोकांत विचारलं तर ‘बायकांच्या आरोग्याचं सल्लाकेंद्र’. तिसरं उत्तर फक्त तिच्या नवऱ्याला, जीवनला, आणि जर्मन सरकारला ठाऊक होतं : देहविक्रय करणाऱ्या बायकांना कायदा, दवाखाना, घर आणि पोलीस यांबाबत सल्ला देणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती समुपदेशक होती. तिन्हींपैकी एकही उत्तर खोटं नव्हतं आणि क्रांतीला खोटं बोलायची सवयही नव्हती. पण परदेशात चाळीस मराठी बौद्ध घरं एकमेकांना धरून राहत असली, की कुणाला किती सांगायचं हे माणूस भराभर शिकतो.

ती इंदोऱ्यातली. नागपुरातच समाजकार्याची पदवी घेतली, लग्न झालं आणि इंजिनीअर नवऱ्याच्या मागोमाग इकडे आली. चार वर्षं जर्मन शिकण्यात गेली, दोन वर्षं पदवीला इथली मान्यता मिळवण्यात. इतके कागद जमवले, की जीवन म्हणायचा, एवढ्यात आपलं स्वतःचं ऑफिस निघालं असतं. शेवटी सहा वर्षांपूर्वी ही नोकरी लागली आणि ती तिनं जीव ओतून केली.

जर्मनीत हा व्यवसाय कायदेशीर आहे म्हटल्यावर आपली माणसं एकतर नाक मुरडतात, नाहीतर ‘बघा, किती पुढारलेत’ म्हणून कौतुक करतात. दोन्ही प्रकारच्या मंडळींना क्रांतीच्या टेबलासमोर आठवडाभर बसवायला हवं होतं. कायदेशीर म्हणजे नोंदणी करायची, त्याआधी आरोग्य खात्यात जाऊन सक्तीचा सल्ला ऐकायचा, मिळालेलं ओळखपत्र जवळ बाळगायचं. ज्यांना हे जमतं त्यांना हक्क. जिच्याकडे योग्य व्हिसा नाही, जिला आपलं नाव कुठल्याही सरकारी कागदावर नको आहे, तिच्यासाठी तोच कायदा दाराबाहेर उभा राहतो. अशाच बायका क्रांतीकडे जास्त यायच्या. त्यांनी सांगितलेलं कुणापाशीही बोलायचं नाही, असं तिच्यावर कायद्याचं बंधन होतं. त्याला इथे ‘श्वायगेप्फ्लिश्ट’ म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिनं त्यावर सही केली होती आणि सहा वर्षांत एका अक्षरानं ते मोडलं नव्हतं.

आणि एवढ्या काटेकोर बाईनं जे केलं ते मराठीत केलं, हेच या गोष्टीतलं दुखणं आहे.

ऑक्टोबरमध्ये एक मुलगी आली. सव्वीसेक वर्षांची, पाठीवर लॅपटॉपची सॅक, केस घट्ट बांधलेले. जर्मन बऱ्यापैकी बोलत होती. तिनं नाव सांगितलं नाही आणि तसं ते विचारायचंही नसतं. खुर्चीत बसताना सॅकचा पट्टा हाताला अडकला आणि ती पुटपुटली, “काय कटकट आहे.”

क्रांतीचा चेहरा उजळला. “अगं, मराठी? कुठली गं तू?”

“उदगीर,” मुलगी म्हणून गेली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. क्रांतीला वाटलं, पोर इतक्या दिवसांनी आपली भाषा ऐकून भरून आली. माणूस आपल्याला हवं तेच बघतो ते असं. ‘कुठली तू’, मग ‘आडनाव काय’, या प्रश्नांनी क्रांतीला स्वतःला शाळेपासून छळलं होतं. त्यामागे जात चाचपणारी बोटं असतात हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी तिच्या तोंडून तो प्रश्न गेला, तोही मायेनं.

मुलगी उठून गेली नाही, कारण तिचं काम अडलं होतं. मास्टर्स करत होती. वडील अचानक गेल्यावर घरून काही यायचं बंद झालं. आधी गोदामात पाकिटं भरली. पाय सुजायचे, पेपर बुडायचे. मग आठवड्यातून दोन दिवस हे काम सुरू केलं.

“मी रडायला नाही आलेय,” तिनं पहिल्यांदाच सांगितलं. “मला इन्फर्मेशन हवीय. एक माणूस माझ्या मागावर आहे. क्लायंट होता. मी नाही म्हटलं, तर आता युनिव्हर्सिटीच्या स्टॉपवर येऊन उभा राहतो. मला अंत्साइगं, म्हणजे पोलिसात तक्रार, करायचीय.”

“मग पोलिसात जाऊ. मी येते सोबत.”

“आणि ते विचारतील, हा तुला कसा ओळखतो? मी काय सांगू, लायब्ररीत भेटला? स्टुडंट व्हिसावर हे काम करता येत नाही ना? म्हणजे तक्रार माझी आणि आधी सापडणार मीच.”

संस्थेच्या वकीलबाईंशी बोलून, जपून पावलं टाकत काहीतरी करता येण्यासारखं होतं. ती मुलगी तीनदा आली. तिसऱ्या खेपेला तिनं आपलं नाव सांगितलं : वैभवी. वकीलबाईंनी मार्ग काढत आणला होता. कामं सुरळीत चाललेली असतात तेव्हाच माणसाला भाषणं सुचतात.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या लोकांचं वाचनमंडळ भरायचं. वस्तीतल्या समाजघराची खोली मिळायची, पोहे-कॉफी व्हायची आणि कुणीतरी एका विषयाची ओळख करून द्यायचं. मंडळ चालवायचा यशवंत. कंपनीतल्या मीटिंगसारखी वेळ पाळणारा, सज्जन, स्वच्छ माणूस. नोव्हेंबरची पाळी क्रांतीची होती आणि तिनं विषय कळवला : ‘देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे हक्क आणि स्त्रीवाद’. यशवंतनं ‘उत्तम’ म्हणून उत्तर पाठवलं, पण त्याआधी दोन दिवस घेतले.

क्रांतीनं सात पानं काढली. जीवननं ती वाचली आणि सहावं पान बाजूला ठेवलं. “हे नको. हे त्या मुलीचं आहे.”

“नाव कुठे घेतलंय? गावही बदललंय.”

“तरी नको. तुझ्या ऑफिसात जर्मनमध्ये हे वाचून दाखवशील?”

“तिथली गोष्ट वेगळी. इथे आपली माणसं आहेत.”

जीवननं ते पान उलटं करून ठेवलं. तिनं पान घरी ठेवायचं कबूल केलं आणि रविवारी निघताना असू दे म्हणून पिशवीत सरकवलं.

पस्तीस माणसं आली होती. क्रांती छान बोलली. आपल्या नोकरीचं ते तिसरं उत्तरही तिनं त्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. स्त्रीवादात या प्रश्नावर दोन तट आहेत, हे तिनं समजावून सांगितलं. एक बाजू म्हणते, बाईचं शरीर विकत घेता येणं हीच हिंसा आहे. म्हणून घेणाऱ्याला शिक्षा करा, बाईला नको. काही देशांनी तसा कायदा केलाही आहे. दुसरी बाजू म्हणते, गिऱ्हाईक लपून आलं की बाईही आडोशाला ढकलली जाते. त्यापेक्षा हे काम आहे असं माना, मग तिला कामगाराचे हक्क द्या, मार खाल्ला तर पोलिसात जाता येऊ द्या. दोन्हीकडच्या बायका स्वतःला स्त्रीवादीच म्हणवतात. “माझं मत विचाराल तर सहा वर्षांनंतरही ते पक्कं नाही,” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

पुढच्या रांगेत तिच्या सासूबाई बसल्या होत्या. लीलाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि मंडळात त्यांचा शब्द वजनाचा होता. त्या उभ्या राहिल्या.

“सूनबाई, बाबासाहेबांनी छत्तीस साली मुंबईत आपल्या मुरळ्या-जोगतिणींना बोलावून सांगितलं होतं, हे जिणं सोडा. आमच्या घराण्यातल्या एका बाईनं सोडलं. उपाशी राहिली, पण सोडलं. आपल्याच जातीच्या पोरी देवाच्या नावानं सोडायचे ना लोक? आणि तू आज म्हणतेस, याला काम म्हणा?”

खोलीत टाळ्या पडल्या. त्या चुकीचं बोलत नव्हत्या, हे क्रांतीला कळत होतं. ज्यांच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या यात ढकललं, त्यांच्यापुढे ‘निवड’ हा शब्द उच्चारताना तिचीच जीभ अडखळायची. पण वैभवी स्टॉपवर मान खाली घालून उभी आहे, हे चित्रही खोटं नव्हतं. त्याला टाळ्यांनी काय उत्तर मिळणार होतं? तिनं पिशवीतलं सहावं पान काढलं.

“आई, मी एका मुलीबद्दल सांगते. माझ्यासमोर बसून बोललेली. आपल्यातलीच आहे, मराठवाड्यातली. अंबाजोगाईची.”

तिनं सगळं सांगितलं. वडील गेलेले, मास्टर्स चाललेलं, मागावरचा माणूस, न करता आलेली तक्रार. समोरच्या बायकांनी डोळे पुसले. क्रांतीला वाटलं, पोचलं. खरंच पोचलं होतं, पण तिला हवं होतं तिथे नाही.

“कुठंय ते लेकरू?” लीलाबाई म्हणाल्या. “घरी आणा तिला. आपण चाळीस घरं काय मेलो आहोत?”

“आपल्यातलीच म्हणजे आडनाव काय तिचं?” मागून कुणीतरी विचारलं.

आणि मग यशवंतची बायको मीनल हळूच म्हणाली, “अहो, आपल्याकडे राहते ती उर्जा अंबाजोगाईचीच ना? तिचे वडीलही नाहीत.”

उर्जा यशवंतच्या घरी एका खोलीत भाड्यानं राहायची. क्रांतीनं तिला जयंतीच्या कार्यक्रमात एकदाच पाहिलं होतं आणि तिचं गाव तिच्या पार डोक्यातून गेलं होतं. वैभवीचं गाव लपवायला तिनं जे पहिलं सुचलं ते घेतलं, ते नेमकं दुसऱ्या पोरीचं निघालं. खोलीतली माणसं भराभर जुळवू लागली. ती पहाटे कुठे जाते? मंडळात का येत नाही? लिपस्टिक किती लावते!

‘गाव मी बदललंय’ हे शब्द क्रांतीच्या ओठांवर आले होते. पण मराठवाड्यातल्या शिकायला आलेल्या मुली न्युरेम्बर्गच्या आपल्या गोतात होत्या तीन. एक लग्न झालेली. एक उर्जा. तिसरी वैभवी, मंडळाच्या ग्रुपवर नंबर असलेली पण कार्यक्रमांना कधीच न आलेली. ‘उर्जा नाही’ म्हणणं म्हणजे तिसरीचं नाव घेणंच होतं.

“मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही,” ती म्हणाली. “विषय इथेच थांबवूया.”

साऱ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं.

बुधवारी यशवंतनं उर्जाला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. आवाज न चढवता, घरात लहान मुलं आहेत एवढंच कारण देऊन. मीनलनं तिला शिऱ्याचा डबा दिला आणि ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणाली. उर्जाला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिनं क्रांतीला फोन केला.

“ताई, मी बेकरीत जाते हो. पहाटे चारला शिफ्ट असते. तिथल्या मालकाला विचारा हवं तर. तुम्ही फक्त एवढंच सांगा ना सगळ्यांना की ती मी नाहीये. एक वाक्य. माझ्या आईला कुणीतरी फोन केलाय अंबाजोगाईला. ती जेवत नाहीये.”

“मी काहीतरी करते, बाळा.”

“काहीतरी नको. ते एक वाक्य सांगा.”

क्रांतीला ते सांगता येईना. तिनं यशवंतला फोन करून ‘ते उदाहरण मी रचलेलं होतं’ असं सांगून पाहिलं. यशवंत फार नम्रपणे म्हणाला, “वहिनी, तुम्ही तिला वाचवायला बघताय, हे आम्हाला कळतंय. तुमचं मन मोठं आहे.” आता मात्र खोटं बोलायची सवय असती तर बरं झालं असतं, असं क्रांतीला वाटलं.

दोन दिवस ती घरात चिडचिड करत फिरली. जीवन एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही, त्याचाच तिला राग येत होता. शुक्रवारी तिनं वैभवीला बोलावून घेतलं. ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. सहावं पान, अंबाजोगाई, उर्जा, बेकरी, उर्जाची आई.

वैभवीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “कशासाठी सांगितलंत?”

“लोकांना कळावं म्हणून गं. तुझ्यासारख्या मुलींचे हक्क…”

“माझे कुठले हक्क? माझ्यापाशी एकच गोष्ट होती, ताई. कुणाला माहीत नव्हतं, एवढीच.” तिनं सॅक मांडीवर ओढून घेतली. “मी या शहरातलं हे ऑफिस का शोधलं माहितेय? इथे सगळ्या जर्मन बायका असतील म्हणून. जर्मनमध्ये बोललेलं उदगीरला जात नाही. तुम्ही मराठीत बोललात तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या खूश झालात.”

“माझं चुकलं.”

“तुमच्या सासूबाईंना मला घरी न्यायचंय, तुम्हाला माझे हक्क मिळवायचेत. मला विचारायचं मात्र दोघींनाही सुचलं नाही.”

क्रांती रडू लागली. वैभवीनं टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला. हे काम एरवी क्रांतीचं असायचं.

“उर्जाला सांगा, एक दिवस थांब,” वैभवी उठता उठता म्हणाली. ती काय करणार आहे हे क्रांतीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं आणि थांबवलं तर उर्जाचं काय, हा प्रश्न उरलाच असता. त्या क्षणी तिला सुटल्यासारखंही वाटलं. ते आठवून तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःची किळस येत राहिली.

शनिवारी सकाळी अकराला, सगळी घरं चहा-नाश्त्याला बसलेली असताना, मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला.

‘नमस्कार. मी वैभवी. रविवारी ज्या मुलीबद्दल तुम्हाला सांगितलं गेलं ती मी आहे. उर्जा नाही. उर्जा बेकरीत काम करते. तिची खोली तिला परत द्या आणि तिच्या आईला फोन करून माफी मागा. माझी कीव करू नका, मला सोडवायलाही येऊ नका. यापुढे माझ्याबद्दल बोलायचं असेल तर आधी मला विचारा.’

लीलाबाईंना लहान अक्षरं दिसत नसत. त्यांनी तो मेसेज जीवनकडून वाचून घेतला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला. “दुसऱ्या पोरीसाठी स्वतःचं नाव दिलं तिनं,” त्या म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून खोलीत गेल्या.

ग्रुपवर बारा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. तेराव्या मिनिटाला ओळ उमटली : यशवंतनं वैभवीला ग्रुपमधून काढलं होतं. त्याच्या खाली कुणीतरी हात जोडल्याची खूण टाकली.

तेव्हा क्रांतीनं लिहिलं. ‘तिनं विश्वासानं सांगितलेलं मी तिची परवानगी न घेता तुमच्यापुढे मांडलं. तो गुन्हा माझा आहे. काढायचं तर मला काढा.’ तिला कुणी काढलं नाही. उलट तिघीचौघींनी वेगळे मेसेज पाठवले : ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा हेतू चांगला होता.

सोमवारी तिनं ऑफिसात जाऊन प्रमुखबाईंना सगळं सांगितलं, जर्मनमध्ये. त्या भाषेत ते आठ वाक्यांत संपलं. चौकशी होईपर्यंत तिला कामावरून बाजूला ठेवलं. वैभवीचं प्रकरण वकीलबाई पुढे नेत राहिल्या, पण वैभवीनंच ते बंद करायला सांगितलं. उदगीरला बातमी पोचली होती आणि नाव उघड झाल्यावर व्हिसाच्या कचेरीत कोण काय कळवेल याची खात्री नव्हती. ती शहर सोडून गेली, असं उर्जाकडून कळलं. उर्जाला खोली परत देऊ केली होती, पण तिनं ती घेतली नाही.

लीलाबाई परत जायच्या आधी एकदा म्हणाल्या, “मी तिला घरी आणा म्हणाले, ते चुकलं का गं?” क्रांती त्यांच्या बॅगेत कपडे भरत राहिली.

जानेवारीत, बऱ्याच दिवसांनी, तिनं वैभवीचा नंबर लावला. उचलला जाईल असं तिला वाटलं नव्हतं, पण उचलला गेला. मागे गाडीच्या घोषणेचा आवाज येत होता.

“वैभवी, मी क्रांती. बरी आहेस ना? मला तुझ्याशी एकदा बोलायचं होतं. माफी मागायची होती नीट.”

“ताई, एक विचारू? हा फोन मला बरं वाटावं म्हणून केलात, की तुम्हाला?”

निदान या मुलीशी तरी आता खोटं बोलायचं नव्हतं.

“मला,” ती म्हणाली.

“मग ठेवते,” वैभवी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.